सीट दोघांची

जुन्या बुलेटची सीट दुरुस्तीला आली की आम्ही आधी तिची शिवण उसवतो. वरचं रेक्झिन काढलं की बरेचदा त्याखाली दुसरं रेक्झिन निघतं, कारण फाटक्या कव्हरवरच नवं कव्हर चढवून द्यायची पूर्वी पद्धत होती. त्याखाली पिवळा पडलेला, पावसाचं पाणी पिऊन जड झालेला फोम. चिमटीत धरला तर भुगा होतो. फोमखाली गोणपाट, गोणपाटाखाली काथ्या, आणि तळाला गंजलेला पत्र्याचा बेस. बेसच्या कडेला बारीक दात असतात, त्यांत कव्हर अडकवायचं आणि दात आत ठोकायचे, अशी ती रीत. गाडी कशी वापरली गेली हे फोम बघून कळतं. एकट्याने चालवलेल्या गाडीचा फोम पुढेच बसलेला असतो. संसारी माणसाच्या गाडीचा फोम मागे, डाव्या कडेला दबलेला असतो. साडी नेसून एका अंगाला बसणारी बाई वर्षानुवर्षं त्या कडेवर बसलेली असते.

माझे वडील पुण्यात नाना पेठेत सीटचं काम करायचे. दुचाकीच्या सुट्या भागांचा बाजार तिथे आजही आहे. वडील तयार झाले ते टांग्याच्या गाद्या भरणाऱ्या कारागिराच्या हाताखाली. पुढे रिक्षांची हूड-कुशनं केली आणि मग स्कूटर-मोटारसायकलच्या सीटवर स्थिरावले. कव्हरं घरी आई शिवायची, तिच्याकडून मशीन माझ्याकडे आलं. आता दुकान मी आणि माझा भाचा बघतो. हे काम जन्मभर जवळून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडची मोटारसायकलची सीट घडवली ती मागे बसणाऱ्या माणसाने, त्यातही बाईने. आणि गेल्या वीसेक वर्षांत गाड्या काढणाऱ्यांनी तिचा विचार करणं जसं सोडलं, तशी सीट बिघडत गेली.

सुरुवातीला मागे सीटच नव्हती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ब्रिटिश मोटारसायकलींना सायकलच्या जातीचं एकट्याचं खोगीर असायचं. वर चामडं, खाली जाड स्प्रिंगा. टेरी, लायसेट ही तिकडच्या खोगीरवाल्यांची नावं. त्या स्प्रिंगा शोभेला नव्हत्या. मागच्या चाकाला सस्पेन्शनच नसायचं, चाक चासीला थेट जखडलेलं असायचं. रस्त्यावरचा धक्का सरळ वर यायचा आणि तो झेलायला खोगिराच्या स्प्रिंगांवाचून दुसरं काही नसायचं. मागे कुणाला घ्यायचं झालं तर मडगार्डवर किंवा कॅरिअरवर एक छोटी गादी पक्की करायची. म्हणजे चालवणारा स्प्रिंगेवर आणि मागचा जवळजवळ चाकावरच. महायुद्धात लष्कराने वापरलेल्या नॉर्टन १६ एच आणि बीएसए एम २० याच घडणीच्या. युद्धानंतर लष्करी गाड्या विक्रीला निघाल्या, तेव्हा अशी खोगिरं सामान्य माणसाच्या हाती आली. वडिलांच्या उस्तादांनी मोटारसायकलचं पहिलं काम केलं ते अशाच एका खोगिराचं, चामडं बदलून. टांग्याची गादी शिवणाऱ्याला ते अवघड नव्हतं. दाभण तेच, सुतळी तीच.

दोघांना पुरेल अशी लांब सीट यायला दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली म्हणजे फोम. १९२९ साली बर्मिंगहॅमला डनलॉपच्या रसायनतज्ज्ञांनी रबराच्या चिकाचा फेस करून तो साच्यात पक्का करायची रीत शोधली. त्यातून डनलोपिलो निघालं. त्याच्या आधी बैठक मऊ करायची तर केस, लोकर, काथ्या किंवा स्प्रिंगा, एवढेच मार्ग होते. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या चाकाचं सस्पेन्शन. चाक स्वतःच वर-खाली व्हायला लागल्यावर खोगिराच्या उंच स्प्रिंगांची गरज उरली नाही आणि सीट खाली, सपाट, लांब करता आली. १९४६ च्या व्हिन्सेंट रॅपिड या गाडीवर फेरिडॅक्स कंपनीची डनलोपिलो भरलेली जोडसीट कारखान्यातूनच बसवून आली. पुढच्या काही वर्षांत इतरांनीही तो रस्ता धरला. एका गादीवर दोन माणसं, दोघांच्या खाली सारखीच जाडी. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. तोवर मागचा माणूस सामानासारखा बांधून नेला जात होता.

आपल्याकडे हे सगळं बुलेटबरोबर आलं. रॉयल एन्फिल्डची स्विंगआर्मची बुलेट १९४९ सालची. भारतीय सेनेने ती सीमेवरच्या गस्तीसाठी निवडली, १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट बनायला लागली. १९६० नंतर म्हैसूरहून जावा येऊ लागली, फरीदाबादहून राजदूत. कायदा तर त्याआधीच लिहिलेला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलवर चालकाखेरीज एकच माणूस न्यावा, आणि तोही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या योग्य आसनावर, असं म्हटलेलं होतं. १९८८ च्या नव्या कायद्यातही १२८ व्या कलमात जवळपास तेच आहे. सायकलींच्या पुण्यात डबलसीट जाताना पोलिसाने धरलं की चाकातली हवा सोडायचा, अशा आठवणी आमच्या घरातली मोठी माणसं सांगायची. मोटारसायकलवर मात्र डबलसीट राजरोस होतं. लग्न झालं की गाडी घ्यायची, ही चाल तिथून पडली.

पण ब्रिटिश सीट बनली होती ती दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्यांसाठी. आपल्याकडे साडी नेसलेली बाई एका अंगाला बसणार. डावीकडे तोंड करून, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर, डावा हात मागच्या पकडीवर. डावीकडेच का, तर आपली वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि उतरताना पाय कडेला पडावा. शिवाय सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे, म्हणजे पोटरी भाजायची भीती नाही. अडचण अशी, की बुलेटची आणि पुढे आलेल्या बहुतेक शंभर सीसी गाड्यांची चेन डावीकडे. ज्या अंगाला निऱ्या आणि पदर लोंबणार, त्याच अंगाला चेन आणि फिरते आरे.

माझ्या मावशीचा पदर असाच चाकात गेला. हडपसरच्या पुढे, सरळ रस्त्यावर, गाडी हळू होती म्हणून वाचली. मानेवरचा वळ जन्मभर राहिला. त्या वेळी साडीगार्ड म्हणून जे बसवून देत, ती दोन-चार सळ्यांची जाळी असायची, पुष्कळदा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने वाकवून दिलेली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने ही गोष्ट कायद्यात आणली. मागे बसणाऱ्याला पकडायला कायमची पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. साडीगार्ड दिसायला वाईट दिसतं म्हणून गाडी घरी आणल्यावर ते काढून टाकणारे तरुण मी रोज बघते. त्यांना मी मावशीची हकीकत सांगते, आणि गार्ड परत लावून घेतल्याशिवाय त्यांच्या सीटला हात लावत नाही.

या बाबतीत जावा आणि पुढची येझदी शहाणी गाडी होती. तिची चेन पत्र्याच्या पेटीत पूर्ण बंद असायची. ती पेटी चेनला धूळ लागू नये म्हणून केली होती, पण आपल्याकडे तिने साड्या वाचवल्या. स्कूटरचंही तसंच. व्हेस्पाच्या घडणीत इंजिनच चाकाशेजारी बसतं, चेन नाहीच, आणि दोन्ही बाजूंना पत्र्याची डिकी. आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनायला लागल्या, १९७२ ला चेतक आली, आणि मध्यमवर्गीय घरं वर्षानुवर्षं नंबर लावून स्कूटरसाठी थांबली. त्यामागे बाईची सोय हे मोठं कारण होतं असं मी मानते. सीट मात्र तिची सुरुवातीला दोन तुकड्यांत असायची, पुढे एक खोगीर आणि मागे एक. पुढे उभं मूल, मधे वडील, मागे आई आणि तिच्या मांडीवर तान्हं, असं अख्खं घर मावायचं तर दोन खोगिरांच्या मधली फट नको. त्यामुळे ती खोगिरं काढून अखंड लांब सीट करून द्यायचं काम वडिलांकडे भरपूर असायचं. चेतकच्याच साली आलेल्या लुना मोपेडच्या कॅरिअरवरही आम्ही गाद्या करून दिल्या.

एका अंगाला बसणाऱ्या बाईला सीटकडून काय हवं असतं, हे वडील आईला बसवून शिकले. घरासमोर गाडी स्टँडवर लावायची, आईला बसवायचं आणि ती कुठे घसरते ते बघायचं. पाय टाकून बसलेल्या माणसाचं वजन सीटच्या मधोमध येतं. एका अंगाला बसलेल्या बाईचं वजन मांड्यांच्या मागच्या बाजूने डाव्या कडेवर येतं. कड गोल असली किंवा मऊ असली की ती दबते, बाई पुढे सरकत जाते आणि पायाने रेटा देऊन स्वतःला मागे ढकलत राहते. तासाभरात तिची कंबर धरते. म्हणून वडील डाव्या कडेला, रेक्झिनच्या आत, काथ्याची घट्ट वळी फिरवायचे. सुतळीने आवळलेली, अंगठ्याएवढी जाड. वरून दिसायची नाही. त्यावर पातळ फोम, मग कव्हर. कडेला आधार आणि मधे मऊपणा. त्या वळीसाठी सोलापूर-साताऱ्याहून गिऱ्हाईक यायचं. कारखान्याच्या सीटमध्ये ती कधीच नव्हती.

१९८४ ते ८६ या काळात जपानी कंपन्यांच्या मदतीने शंभर सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, मग यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १००, पाठोपाठ कावासाकी बजाज. लोकांना त्यांचं मायलेज आणि पिकअप आठवतो. मला त्यांची सीट आठवते. लांब, सपाट, टाकीपासून शेपटापर्यंत एका पातळीत. उंच माणूस मागे सरकून बसू शकतो, बुटका पुढे. मागे बसणारीला हवा तेवढा हात-पाय हलवायला वाव. पिशवी मधे ठेवता येते. जमिनीपासून उंची बेताची, त्यामुळे म्हाताऱ्या बाईलाही चढता येतं. माझ्या मते दोघांसाठी याहून चांगला आकार अजून कुणी काढलेला नाही, आणि आजही दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर, शेतावर जाणारी जोडपी याच आकाराच्या गाड्या घेतात, हा मला त्याचा पुरावा वाटतो.

त्याच सुमाराला आतला मालही पालटला. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं होतं, पन्नाशीच्या दशकात त्याचा मऊ फोम बाजारात आला, आणि आपल्याकडे हळूहळू काथ्या, रबर सगळ्यांची जागा त्याने घेतली. कारखान्यात तो साच्यात ओतून थेट सीटच्या आकारात फुगवतात. एकसारखा, हलका, स्वस्त. काथ्याचा एक गुण मात्र त्यात नाही. काथ्यातून हवा खेळते. मे महिन्यात नगर रोडने दुपारी दोन तास गाडी चालवून आलेल्या माणसाला विचारा, काळं रेक्झिन आणि खाली बंद फोम म्हणजे काय ते. लोक मग टॉवेल टाकतात, जाळीचं कव्हर घालतात. मी अजूनही सांगणाऱ्याला रबर लावलेल्या काथ्याचा एक थर मधे घालून देते.

२००१ नंतर तरुणांची गाडी म्हणून मोटारसायकल विकायला लागली आणि सीटने वळण बदललं. २००७ च्या पल्सर २०० पासून दोन तुकड्यांची सीट सर्रास दिसायला लागली, पुढचा तुकडा खाली, मागचा वर. आर १५, मग चाकणहून निघणारी ड्यूक. शर्यतीच्या गाडीचं शेपूट वर उचललेलं असतं, कारण तिथे मागे कुणी बसतच नाही. तो आकार रस्त्यावरच्या गाडीवर आणला की मागच्या माणसासाठी उरते ती वितभर उंच, तळहाताएवढी रुंद, पुढे उतरती गादी. खंबाटकी उतरताना ब्रेक लागला की मागची मुलगी चालवणाऱ्याच्या पाठीवर येते, तो टाकीवर दाबला जातो, आणि दोघांचीही मनगटं-खांदे भरून येतात. आता मुली जीन्स किंवा सलवार घालून दोन्हीकडे पाय टाकून बसतात, तेव्हा साडीचा प्रश्न सुटला असं म्हणतात. पण पायदाण उंच आणि मागे नेलेलं असतं, गुडघे छातीपाशी येतात, आणि सगळं वजन बसायच्या दोन हाडांवर एकवटतं. त्यांच्या आजीची बैठक याहून सुखाची होती. शोरूममध्ये मुलगा एकटा जातो, पुढच्या सीटवर एकटा बसून बघतो आणि गाडी बुक करतो. मागे कुणाला बसवून बघायचं, असं तिथे कुणी सुचवत नाही.

२००९ साली बुलेटच्या घराण्यात क्लासिक आली, ती तर पुन्हा स्प्रिंगांचं एकट्याचं खोगीर घेऊनच, मागची गादी वेगळी. दिसायला फार देखणी गाडी. तिची खोगिरं काढून अखंड सीट बसवायचं काम गेली अनेक वर्षं आमच्या दुकानाचं मोठं काम आहे. लग्न ठरलं की मुलं येतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या लोकांनी जो प्रवास केला, खोगिरापासून जोडसीटपर्यंत, तोच ही मुलं एका दुपारी आमच्या ओट्यावर करतात.

गोव्यात मात्र मागची सीट कुणी विसरू शकत नाही. तिथे पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल पायलट मागच्या सीटचं भाडं घेऊनच पोट भरतात. पणजीला बहिणीकडे गेले की मी त्यांच्या सीटा न्याहाळते. लांब, सपाट, मागे थोड्या रुंद, रेक्झिन साधं आणि खरबरीत, म्हणजे पावसातही गिऱ्हाईक घसरणार नाही. कुठेही दोन तुकडे नाहीत. ज्याचा धंदाच मागे बसणाऱ्यावर चालतो, त्याने निवडलेली सीट कशी असते ते तिथे बघावं.

आता चांगली सीट कशी निवडायची, हे लोक विचारतात तेव्हा ते आधी अंगठ्याने फोम दाबून बघतात आणि मऊ लागला की खूश होतात. मऊ फोम दहा मिनिटं सुखाचा असतो. मग तो पूर्ण दबतो आणि हाडं बेसवर टेकतात. घट्ट फोम पहिल्यांदा कडक वाटतो, पण दोन तासांनीही माणसाला तोलून धरतो. आम्ही खालचा थर घट्ट, ४० डेन्सिटीच्या आसपासचा घेतो आणि वर बोटभर मऊ थर चिकटवतो. जेलची गादी घालायचीच तर या दोन थरांच्या मधे, वर नाही, नाहीतर उन्हात ती तव्यासारखी तापते. पुढच्या माणसाची सीट टाकीजवळ निमुळती ठेवायची, नाहीतर पाय फाकतात आणि जमिनीला टेकत नाहीत. उंची वाढवताना हात आखडता घ्यायचा. उतार असेल तर तो मारायचा, टाकीकडचा फोम भरून आणि मागचा तासून. पुढच्या आणि मागच्या बैठकीत फार तर चार बोटांची पायरी, त्याहून जास्त नको. बसायच्या जागेवर शिवण आणायची नाही, तिथून पाणी आत जातं आणि शिवण टोचते. एका अंगाला बसणारं कुणी असेल तर डावी कड मी अजूनही वडिलांच्या पद्धतीने बांधते. काथ्याची वळी मिळाली नाही तर घट्ट रिबॉन्ड फोमची पट्टी. आणि जुना पत्र्याचा बेस सडला नसेल तर फेकू नका, घासून रंग मारून घ्या. प्लॅस्टिकच्या बेसपेक्षा तो वजन सरळ उचलतो.

सीट करायला येताना मागे बसणाऱ्या माणसाला बरोबर आणा, हे आम्ही फोनवरच सांगतो. साडीत बसणार असतील तर साडी नेसूनच या, सामान न्यायचं असेल तर ती पिशवीही आणा. आधी त्यांना बसवतो. भाचा गाडी धरून उभा राहतो, मी त्यांच्या पुढे आणि मागे खडूने रेघ मारते, डावी कड कुठे टेकते तिथे एक खूण करते. मग चालवणाऱ्याला पुढे बसवून त्याची रेघ. दोघांना एकत्र पंधरा मिनिटं तसंच बसू द्यायचं, हवं तर चहा तिथेच प्यायचा. या वेळात कोण कुठे सरकतं ते बघायचं, रेघा पुसून नव्याने मारायच्या, आणि त्या कागदाच्या फर्म्यावर उतरवून मग फोमला कात्री लावायची.